सोमवारचं कोलकाता आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही ग्रुप टूरने दार्जिलिंग-गंगटोकला चाललोय, मी, मिस्टर आणि सासूबाई (वय 72, गुडघे दुखतात पण देवदर्शन म्हटलं की सगळ्यांच्या पुढे). शेवटचे दोन दिवस कोलकाता आहे. रात्रीच्या गाडीने रविवारी सकाळी सियालदाहला उतरायचं, रविवारी 'आराम व खरेदी', सोमवारी 'कोलकाता शहर दर्शन', त्यात नऊ ठिकाणं लिहिलीत, आणि सोमवारीच रात्री आझाद हिंदने पुण्याला परत. हॉटेल धर्मतल्याला आहे म्हणे. एका दिवसात नऊ ठिकाणं होतात का? आणि ग्रुप सोडून आपलं आपण फिरलेलं चालतं का, मॅनेजर चिडतील का? — एक वाचक, सातारा

उत्तर : होतात की, बसच्या खिडकीतून नऊ काय अठरा पण होतात! पण तुमच्या पत्रातली खरी गोची नऊची नाहीये, सोमवारची आहे. कोलकात्यात सोमवारी व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं बंद, इंडियन म्युझियम बंद, टागोरांचा जोडासांकोचा वाडा पण बंद. व्हिक्टोरियाची बाग तेवढी चालू असते, म्हणजे बाहेरून फोटो काढायचे आणि बसमध्ये बसायचं. ज्याने कोणी हा कार्यक्रम टाइप केला त्याने कॅलेंडर बघितलेलं दिसत नाही.

म्हणून पहिलं काम, आत्ताच, निघायच्या आधी ऑफिसला फोन करून सांगा की रविवार आणि सोमवार उलटे करा. दार्जिलिंगला पोचल्यावर सांगून उपयोग नाही, तेव्हा बस ठरलेली असते आणि मॅनेजर बिचारा चाळीस जणांच्या चहात अडकलेला असतो. नाहीच ऐकलं तर रविवारी सकाळी आंघोळ-झोप करून दुपारी तुम्ही तिघं टॅक्सीने व्हिक्टोरिया उरकून घ्या, धर्मतल्याहून जवळच आहे. गर्दी असेल, रविवार आहे. मकराण्याचा संगमरवर, ताजमहालाला वापरला तोच, 1921 साली लोकांसाठी उघडलं. आणि गंमत म्हणजे याचा आर्किटेक्ट विल्यम इमर्सन, आपल्या मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट पण त्याचंच. सासूबाईंना हे सांगा, भाजी घेतलेली जागा आठवली की परदेशी राणीबद्दल जरा आपुलकी वाटेल. म्युझियम 1814 चं आहे, फार मोठं आहे, गुडघ्यांचा विचार करता मी सोडूनच देईन. जोडासांको मात्र जमलं तर बघा, रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ तुमच्या साताऱ्यात जज्ज होते, 1897 ला तिथूनच रिटायर झाले, म्हणजे माहेरच्या ओळखीतलंच घर म्हणा.

आता सोमवार. माझं स्पष्ट मत, सोमवार हुगळी नदीला द्या आणि बाकी यादी विसरा. टूरच्या शेवटी माणसं दमलेली असतात, पाय सुजलेले, धुवायच्या कपड्यांची पिशवी फुगलेली, कोणाला सहावी इमारत बघायची नसते, सगळे नुसते मुंड्या हलवतात. मी अशाच एका टूरला गेले होते तेव्हा आम्हाला बेलूर मठाला (रामकृष्ण मिशनचं मुख्य ठिकाण, हुगळीच्या काठावर) पावणेबाराला नेऊन सोडलं, गेट बंद, तिथे दुपारी बंद असतं हे कोणाला माहीतच नाही, मग गेटबाहेर ग्रुप फोटो काढला आणि यादीत टिक झाली. एक काकू तिथेच कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, दर्शन राहू द्या, कोणीतरी लिंबू सरबत आणा.

तर, पहाटे निघा. मे महिन्यात तिकडे पाचला लख्ख उजाडतं, आपल्यापेक्षा तासभर आधी, त्यामुळे साडेपाचला टॅक्सी केली तर काही विशेष वाटणार नाही, आणि नऊनंतर जो घाम सुटतो त्याच्या आत निम्मं काम होतं. दक्षिणेश्वर आधी. राणी रासमणींनी 1855 मध्ये बांधलेलं, मध्ये नऊ शिखरांचं कालीचं देऊळ, नदीकडेला एका रांगेत बारा शिवमंदिरं, आणि कोपऱ्यात रामकृष्ण परमहंस राहायचे ती खोली, तिथे पाच मिनिटं गप्प बसा. मोबाइल आत नेता येत नाही, तो आणि चपला जमा करायच्या, म्हणून मिस्टरांचा फोन हॉटेलवरच ठेवलेला बरा (त्यांनाही बरं, नाहीतर सगळा वेळ ऑफिसचा व्हॉट्सअॅप).

तिथल्याच घाटावरून बेलूरला होडी मिळते, मोटरची, साधारण वीस मिनिटं. हा प्रवास चुकवू नका, पुढे सगळी ट्रिप विसरलात तरी हा लक्षात राहील. फक्त एक, हुगळीला भरती-ओहोटी असते, ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यावर राखाडी गाळाचा थर असतो, साबणासारखा. सासूबाईंना मध्ये घ्या, एक हात मिस्टरांचा, एक होडीवाल्याचा, तो न सांगता पुढे करतोच. बेलूर सकाळी साडेअकराच्या सुमाराला बंद होतं आणि दुपारी चारच्या आसपास उघडतं, म्हणून नऊ-साडेनऊला पोचायचं बघा.

बेलूर हावड्याच्याच काठावर आहे, तिथून टॅक्सीने हावडा स्टेशन आणि तिथून मेट्रो पकडून एस्प्लनेड (धर्मतल्याचंच दुसरं नाव), म्हणजे तुमचं हॉटेल. ही मेट्रो हुगळीच्या खालून जाते, 2024 पासून चालू आहे, नदीखालचा टप्पा पाऊण मिनिटात संपतो, बोगद्यात निळे दिवे लावलेत तेवढ्यावरून कळायचं. हावड्याचं मेट्रो स्टेशन खूप खोल आहे पण लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. हावडा ब्रिज संध्याकाळी स्टेशनला जाताना ग्रुपच्या बसमधून दिसेलच, त्यासाठी वेगळा वेळ काढू नका.

मॅनेजरांचं म्हणाल तर ते चिडत नाहीत, न सांगता गायब झालं तर चिडतात. आदल्या रात्री सांगा, एक साधी चिठ्ठी द्या की आम्ही स्वखुशीने वेगळे जातोय, हॉटेलवर सामान किती वाजता खाली हवं ते विचारून घ्या आणि त्याच्या तासभर आधी परत या. पैसे परत मागू नका, मिळत नाहीत, उगाच तोंड कडू.

राहिली मिठाई. नोलेन गुळाचा संदेश मेमध्ये कोणी दिला तर घेऊ नका, तो थंडीतला खजुरीचा गूळ आहे. मातीच्या भांड्यातलं मिष्टी दोई (गोड दही) तिथेच उभ्याने खा, आझाद हिंदमध्ये दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस काढायचाय. न्यायला डब्यातला सीलबंद रसगुल्ला, आणि तो डबा वरच्या बर्थवर ठेवू नका, माझा नागपूरच्या आसपास खाली आला होता.