घाण भाडेकरूची आणि नोटीस माझ्या नावाने?

प्रश्न: मुलुंडला आमचा वन बीएचके आहे, आम्ही नाशिकला राहतो. फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिलाय, करार रजिस्टर केलाय. भाडेकरूंनी बाल्कनीत पाण्याची पिंपं भरून ठेवलीत, कचरा दोन-दोन दिवस दाराबाहेर असतो, बाथरूम तुंबून खालच्यांच्या छताला ओल आलीय. आता डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून महापालिकेची नोटीस माझ्या नावाने आली, सोसायटीपण मलाच दंड लावणार म्हणते. मी का भरू?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी नोटिशीवर मुदत किती दिवसांची आहे ते बघा आणि भाडेकरूंना आजच फोन करून पिंपं रिकामी करायला लावा, भांडण नंतर. डेंग्यूचा डास बहुतेक स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे पिंप आठवड्यातून एकदा तरी पूर्ण उपसून, आतून घासून कोरडं करायलाच हवं.

आता जबाबदारीचं. मुंबई महापालिकेचा 1888 चा कायदा बघतो की उपद्रव कोणाच्या करण्यामुळे, न करण्यामुळे किंवा चालू दिल्यामुळे झाला. त्यामुळे पिंपं भाडेकरूची आहेत हे लेखी कळवा, कराराची कॉपी आणि फोटो जोडा. पण 'चालू देणं' हे शब्द लक्षात ठेवा, सोसायटीने तुम्हाला आधीच पत्रं दिली असतील आणि तुम्ही गप्प बसला असाल तर नुसतं मी तिथे राहत नाही म्हणून सुटका होईल असं मला वाटत नाही. भाडेकरूला व्हॉट्सअ‍ॅप आणि रजिस्टर्ड पोस्टाने, दोन्हीकडून कळवा.

बाथरूमचं मात्र वेगळं आहे. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या भांड्यात, केस आणि साबणाचा गोळा अडकला असेल तर साफ करणं वापरणाऱ्याचं काम, पण पाइप जुना होऊन फुटला असेल किंवा लाद्यांखालचं वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर तो खर्च तुमचा, तिथे भाडेकरूवर ढकलू नका, खालच्या घरात लहान मुलं त्या ओलीत झोपत असतील. प्लंबरकडून कारण लिहून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे आधी कळवून, योग्य वेळी घर बघायला जाण्याचा तुम्हाला हक्क आहे, तो वापरा.

सोसायटी तुम्हाला विचारणारच कारण मेंबर तुम्ही आहात, पण दंड कुठल्या उपविधीखाली, म्हणजे सोसायटीच्या कुठल्या नियमाखाली, आणि सर्वसाधारण सभेने तो ठरवलाय का ते लेखी मागा. भरावा लागलाच तर डिपॉझिटमधून कापता येईल का हे तुमच्या करारातल्या कलमावर आहे, ते नसेल तर पुढच्या करारात घाला. आणि रागाच्या भरात पाणी किंवा लाइट तोडू नका, नाहीतर उलट तुमच्यावरच केस होईल.

घर बघायला जाल तेव्हा फ्रिजच्या मागचा ट्रेसुद्धा ओढून बघा, तिथलं पाणी कोणी काढतच नाही.