तुकोबांचं डोकं कापू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानं, आणि चारही पानांवर राग. ‘संत तुकाराम’ हा प्रभात फिल्म कंपनीचा जुना सिनेमा लावलास, साठ खुर्च्या मांडल्यास, मध्यंतरानंतर वीस उरल्या, आणि शेवटी गरुडाचं विमान खाली उतरलं तेव्हा मागच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. आता तुझ्या सिनेमा मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो, जुने सिनेमे कापून दीड तासात बसवावेत, जमलं तर रंग भरावेत. दुसरा म्हणतो, ज्यांना समज नाही त्यांनी येऊच नये. आणि तू मला न्यायनिवाडा करायला बसवलं आहेस.

दुसऱ्याचं आधी निकालात काढतो. हा सिनेमा १९३६ साली मुंबईच्या सेंट्रल थिएटरात लागला आणि ५७ आठवडे चालला. ते ५७ आठवडे समजदारांच्या जिवावर चालले नव्हते. प्रेक्षकाला नालायक ठरवून मंडळ चालवणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या खुर्च्या शेवटी लग्नाच्या हॉलवाल्यांनी नेल्या.

पहिल्याचं मात्र नीट बोलायला हवं. पण त्याआधी तू पाठवलेला फोटो. मी तो भिंग लावून पाहिला. तुकोबा झालेल्या पागनिसांच्या कपाळावरचा टिळा पडद्याच्या वरच्या काठाला टेकलाय आणि पागोटं गायब आहे. तुझ्या प्रोजेक्टरवर ‘पडदा भरा’ असा काहीतरी पर्याय कुणीतरी दाबून ठेवलेला असणार. त्या काळचं चित्र साधारण चारास तीन या मापाचं. ते सोळास नऊच्या पडद्यावर काठोकाठ भरायचं म्हणजे उंचीतला पाव हिस्सा छाटायचा. म्हणजे तुझ्या प्रेक्षकांनी तीन चतुर्थांश तुकाराम पाहिला, आणि भांडण चाललंय अख्ख्या सिनेमाच्या गुणवत्तेवर! (काही जण छाटण्याऐवजी चित्र आडवं ताणतात. मग सगळं देहू गाव पंक्तीवरून उठून आल्यासारखं दिसतं.)

सिनेमा दामले आणि फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केलेला. फत्तेलाल मुळात चित्रकार, प्रभातचं कलादिग्दर्शन त्यांच्याकडे. दामल्यांकडे ध्वनिमुद्रण. दोघंही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. एकाचा जीव चौकटीत, दुसऱ्याचा आवाजात. तू नेमक्या त्याच दोन गोष्टी बिघडवल्यास. फोटोत ते दोन उंच स्पीकरही दिसतात, गणपतीत लावतो ते. त्यांवर खर्जाचं बटण चढवलेलं असेल तर नव्वद वर्षांपूर्वीचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. खर्ज उतरव, वरची खरखर थोडी कमी कर, मधला पट्टा मोकळा ठेव. माणसं तिथंच बोलतात.

आवाजाचा आग्रह का धरतो, तर सिनेमाची सुरुवात आठव. तुकोबा ‘पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी’ म्हणत बसलेत. साधी चाल, डोळे मिटलेले. तेवढ्यात दृश्य बदलतं, आणि तोच अभंग तुकोबांचा हेवा करणारा सालोमालो देवळात गातोय. ताना काय, हातवारे काय, आणि वर तो अभंग आपलाच म्हणून सांगतोय. दोन माणसं, एक अभंग. कोण खरा आणि कोण उचल्या, हे एकही शब्द न खर्चता कळतं. त्या वेळच्या प्रेक्षकाला आणखी एक मजा कळत असणार: सालोमालोची गायकी म्हणजे नाटकातल्या गाण्याची टिंगल आहे. आजच्या पोरांना ती कळायची नाही, पण सोंग कळेल. आवाज मात्र स्वच्छ हवा. तो घोगरा असला की दोन्ही अभंग सारखेच ऐकू येतात आणि पोरं म्हणतात, ‘तेच गाणं दोनदा लावलंय’.

आता कापाकापी. मीही केली आहे, म्हणून सांगतो. तेव्हा फिल्म सोसायट्यांना १६ मिलिमीटरच्या प्रती पत्र्याच्या डब्यांतून यायच्या. एकदा हॉल साडेनऊला बंद होणार होता आणि वीज गेल्यामुळे आम्हाला उशीर झालेला. मी दुसऱ्या डब्यातला पंधराएक मिनिटांचा तुकडा हाताने पुढे गुंडाळला. घरातली चणचण, जिजाईची रोजची ओढाताण, तुकोबांचं आपल्याच तंद्रीत असणं, हे सगळं मला ‘संथ’ वाटलं होतं. पुढे जिजाई आजारी पोराला घेऊन देवळात शिरते आणि विठोबावर पायातलं उगारते, तिथं हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. संपल्यावर एक बाई म्हणाल्या, ‘किती कजाग दाखवलीय हो तिला!’ त्यांचं काय चुकलं? तिच्या रागाचं भांडवल मी डब्यात गुंडाळून ठेवलं होतं. जिजाई झालेल्या गौरीबाईंचं ते काम म्हणजे मराठी पडद्यावरचं मला सर्वांत आवडणारं काम, आणि त्या संध्याकाळी मी त्यांना भांडकुदळ बायको करून टाकलं.

तेव्हा सिनेमा लांब वाटला तर मध्यंतर दोनदा घे, चहा दे. कात्री नको.

रंगाबद्दल तुझ्या मित्राचा मुद्दा असा की प्रभातवाल्यांकडे रंग असता तर त्यांनी वापरलाच असता. मुद्दा अगदीच पोकळ नाही. प्रभातने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा घाट घातला होता, त्यासाठी जर्मनीपर्यंत गेले, पण मनासारखं जमलं नाही. ‘मुघल-ए-आझम’चा काही भाग मुळातच रंगीत होता, म्हणून २००४ ची ती पूर्ण रंगीत आवृत्ती मी सहन करू शकतो. पण ‘तुकाराम’ करताना या मंडळींना हाती काळा-पांढरा आहे हे ठाऊक होतं आणि उजेड त्याच हिशेबाने टाकलाय. तुला जे मळकट राखाडी दिसलं तो त्यांचा काळा-पांढरा नव्हेच. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत, असं करत ते आपल्यापर्यंत आलंय. त्यात ८ जानेवारी २००३ ला पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारात आग लागली आणि चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मवरची कित्येक जुनी रिळं जळाली. त्यामुळे मिळेल त्यातली बरी प्रत शोधण्यात चार दिवस घालव. रंग भरण्याच्या वादापेक्षा ते कष्ट कारणी लागतील.

प्रास्ताविक किती वेळ केलंस ते तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे बरंच लांबलं असणार. मी एकदा चाळीस मिनिटं बोललो होतो. शेवटी पहिल्या रांगेतले एक आजोबा उठून म्हणाले, ‘सिनेमा लावताय का मी जाऊ?’ १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरव झाला वगैरे आधी वाचून दाखवलं की लोक परीक्षेला बसल्यासारखे बसतात. एवढंच सांग: यातलं एक गाणं तुकारामांचं नाही, कोणतं ते ओळखा. ‘आधी बीज एकले’ गीतकार शांताराम आठवल्यांचं आहे, पण बहुतेक जण ते गाथेतलंच समजतात. बघ कसे कान टवकारून ऐकतात ते.

राहिलं ते हसणं. हसू दे की! मलाही सगळं पटतं असं समजू नकोस. शिवाजी महाराजांना धरायला आलेल्यांना जिकडेतिकडे महाराजच दिसतात, तो भाग मला आजही ताणलेला वाटतो, आणि तसं मी उघड बोलतो. जुन्या सिनेमाला देव्हाऱ्यात बसवलं की त्याच्याशी भांडता येत नाही. पण विमानाला हसलेल्या पोरांना नंतर चहाच्या वेळी एक विचार: नवरा वैकुंठाला निघालाय आणि बायकोला घर-चूल सुटत नाही, यात शहाणं कोण? माझं मत जिजाईच्या बाजूने आहे. सिनेमाचंही निम्मं असावं, असा मला संशय आहे. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आलेले पागनिस इतके मऊ, आणि समोर ही खणखणीत बाई. घरातला पुरुष कोण आणि बाई कोण, यावर तुझ्या मंडळात तासभर वाद रंगेल.

आणि वादच हवा असेल तर पुढच्या महिन्यात ‘कुंकू’ लाव. १९३७ चा, व्ही. शांतारामांचा. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपट्यांचं ते ताठ उभं राहणं बघून तुझ्या मैत्रिणी टाळ्या वाजवतील. मग शेवटी म्हातारा स्वतःच जीव देतो आणि तिची वाट मोकळी करतो. हे धैर्य की पळवाट? मी गेली तीस वर्षं दोन्ही बाजूंनी भांडलो आहे. त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, तेव्हा पंख्यांची घरघर बंद करायला सांग, नाहीतर लोकांना तीच ऐकू येत राहील.

तोवर ‘तुकाराम’ पुन्हा एकदा लाव. मी येतो. चौकट मूळ मापात ठेवलीस की दोन्ही बाजूंना पांढऱ्या पडद्याच्या पट्ट्या उघड्या राहतील, त्या डोळ्याला खुपतात. माझ्याकडे सोसायटीचं जुनं काळं कापड आहे, ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं. दोन पट्ट्या सहज निघतील. तू फक्त शिडी आणि सेफ्टी पिना आणून ठेव. पडदा लागल्यावर पहिलं चित्र थांबवून मागच्या भिंतीपाशी जाऊन उभं राहू, आणि पागोटं पूर्ण दिसतंय ना ते बघू.