बाबा फाटक काठीनेच का उघडतात?

वाचकांचे प्रश्न, सुभेदारांची उत्तरं

प्रश्न : माझे वडील सैन्यात होते. १९८८-८९ मध्ये ते श्रीलंकेत होते, याच्यापलीकडे घरात कुणाला काही माहीत नाही. ते त्यावर बोलत नाहीत. आमच्या मळ्याचं लोखंडी फाटक ते आजही हाताने उघडत नाहीत. बाजूला उभे राहतात आणि काठीने कडी सारतात. आई म्हणते, विचारू नकोस. शाळेत आम्हाला ७१ चं युद्ध होतं, पुढे कारगिल ऐकलं, हे कुठेच नव्हतं. हे युद्ध संपलं कसं? आपण जिंकलो की हरलो?
– एक वाचक, पळसे

उत्तर : ताई, फाटकाचं वाचलं आणि पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. मीही १९८९ च्या पावसाळ्यापासून मार्च १९९० पर्यंत तिकडेच होतो, आधी जाफन्यात आणि मग त्रिंकोमालीत. मी तोफखान्याचा माणूस, देवळालीत शिकलेला. पण तिथे तोफ बाजूला राहिली आणि हातात रायफल आली. जाफन्याकडे घरांना ताडाच्या झावळ्यांचं कुंपण असतं आणि पुढे पत्र्याचं नाहीतर लोखंडी फाटक. कडीला बारीक तार बांधलेली असायची, तारेच्या दुसऱ्या टोकाला ग्रेनेड. म्हणून समोर उभं राहायचं नाही, भिंतीच्या आडोशाला व्हायचं आणि लांबून कडी सारायची. गेल्या गेल्या पहिल्याच आठवड्यात जुन्या जवानांनी आम्हाला हे शिकवलं. तुमच्या वडिलांच्या हाताला ते अजून आठवतंय. त्यांची ती सवय मोडायला जाऊ नका.

सुरुवात थोडक्यात सांगतो. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. तमिळ भागाला प्रांतिक अधिकार मिळायचे, वाघांनी, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या लिट्टेच्या बंडखोरांनी, शस्त्रं खाली ठेवायची आणि आपल्या शांतिसेनेने त्यावर देखरेख करायची. पहिले जवान उतरले तेव्हा तमिळ बायकांनी त्यांना हार घातले, ओवाळलं. १० ऑक्टोबरला त्याच वाघांशी लढाई जुंपली. ज्यांच्या रक्षणासाठी गेलो, त्यांच्याच गल्ल्यांमध्ये आपण घरझडत्या घेऊ लागलो. जाफन्याच्या इस्पितळात तर ऐन दिवाळीत आपल्या जवानांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारले गेले. हे लिहिताना मला त्रास होतो, पण ते झाकून तुम्हाला उत्तर देणं मला जमणार नाही. त्यानंतर त्या लोकांनी आपल्याला दारं बंद केली, आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

आता संपलं कसं. रणांगणावर ते संपलंच नाही. जानेवारी १९८९ मध्ये प्रेमदासा तिकडे राष्ट्राध्यक्ष झाले आणि जून उजाडताच त्यांनी जाहीरपणे सांगितलं, २९ जुलैच्या आत निघा. इतकंच नाही, आपल्याला घालवण्यासाठी त्यांनी वाघांनाच शस्त्रं पुरवली. इकडे डिसेंबरात दिल्लीतलं सरकार बदललं, व्ही. पी. सिंग आले, आणि परतीचा वेग वाढला. निघायची तारीख एकदा सगळ्यांना कळली की गस्तीचा रंगच बदलतो. समोरच्याला घाई राहत नाही. आपल्या जवानाच्या मनात एकच येतं, आता शेवटच्या महिन्यात मरायचं कशासाठी? त्या शेवटच्या महिन्यातही माणसं गेली.

मला विसरता येत नाही तो एक पोरगा. सतरा-अठरा वर्षांचा असेल. आम्हाला दुभाष्या म्हणून मदत करायचा, मोडक्या हिंदीत बोलायचा. आमचं सामान गाड्यांवर चढत होतं तेव्हा तो माझ्या ट्रंकेची दोरी आवळत होता. गाठ मारून झाल्यावर म्हणाला, "साहेब, तुम्ही गेल्यावर मी कुठे राहू?" मी त्याला माझं घोंगडं दिलं. दुसरं काय देणार होतो? आपल्या बाजूने उभे राहिलेल्या तमिळ तरुणांना वाघांनी नंतर हुडकून मारलं. त्यांचे नेते पद्मनाभा यांना तर १९९० च्या जूनमध्ये मद्रासमध्ये येऊन मारलं. त्या पोराचं नाव मी इथे लिहीत नाही.

बाहेर जाऊन लढलेली अशी युद्धं फार वेगळी संपत नाहीत. अमेरिकेने २७ जानेवारी १९७३ ला पॅरिसमध्ये व्हिएतनामच्या करारावर सही केली. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. अफगाणिस्तानचा करार दोह्यात फेब्रुवारी २०२० मध्ये झाला आणि १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये होते. विमानाच्या मागे धावणारी ती माणसं टीव्हीवर दिसली तेव्हा माझी बायको म्हणाली, बंद करा. मला त्या गर्दीत दोरी आवळणारा पोरगा दिसत होता.

आमची शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला जहाज लागलं तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. ते उघडपणे तसं म्हणाले होते, कारण त्यांच्या लेखी आम्ही तमिळांना मारून आलो होतो. नाशिकरोड स्टेशनवर उतरलो तर रिक्षावाल्याने विचारलं, "काय, सुट्टीवर का?" मी हो म्हणालो. तुमच्या वडिलांनीही असंच कुठेतरी पहिल्यांदा हो म्हटलं असेल आणि मग ते तसंच पुढे चालू राहिलं असेल.

आपले सुमारे १,२०० जवान तिथे मारले गेले. महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले, २५ नोव्हेंबर १९८७ ला पडले. छातीत गोळी लागल्यावरही लढत राहिले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, तरी त्यांचं नाव किती शाळांत घेतलं जातं ते तुम्हीच लिहिलंय. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला वाघांनी राजीव गांधींना मारलं. दोन वर्षांनी प्रेमदासांनाही वाघांनीच बॉम्बने उडवलं. तिकडची लढाई मे २००९ पर्यंत चालली. त्या कराराच्या पोटी आलेली श्रीलंकेच्या घटनेची, प्रांतांना अधिकार देणारी तेरावी दुरुस्ती आजही कागदावर आहे आणि तमिळ अजूनही तिची पुरती अंमलबजावणी मागतात. तमिळनाडूच्या छावण्यांत श्रीलंकेतून आलेली कुटुंबं अजून राहतात. तिथे जन्मलेल्यांना आता मुलं झाली. कोलंबोत संसदेजवळ आपल्या जवानांचं स्मारक उभं राहिलं, दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात २०१९ मध्ये त्यांची नावं कोरली गेली. उशीर फार झाला, पण मी तिथे जाऊन माझ्या दोन मित्रांच्या नावांवर हात फिरवून आलो.

जिंकलो का, विचारता. नाही, ताई. ज्या कामाला पाठवलं होतं ते झालं नाही. त्यात तुमच्या वडिलांची कसूर नव्हती, आणि हे त्यांना घरातल्या कुणीतरी एकदा स्पष्ट म्हणायला हवं.

युद्धाबद्दल विचारू नका, आईचं बरोबर आहे. ट्रंकेत विदेश सेवा मेडल असेल, त्यावर श्रीलंकेची पट्टी असेल. ते काढून पुसून घ्या आणि ते बसलेले असतील तिथे शेजारी ठेवा. तिथे जेवायला काय मिळायचं, पत्र किती दिवसांनी यायचं, एवढंच विचारा. मी देवळाली कॅम्पला राहतो, संध्याकाळी घरीच असतो. पत्ता संपादकांकडे आहे. त्यांना घेऊन या. येण्याआधी फक्त त्यांची पलटण कुठली होती ते कळवा.