रोज लिहायची सवय कशी लावायची? चार दिवस लिहिलं की इच्छाच जाते

तुम्ही विचारलंय की डोक्यात गोष्टी भरपूर आहेत, चांगली वहीपण घेतली, पण चार दिवस लिहून झालं की पाचव्या दिवशी हातच चालत नाही, मग प्रेरणा आणायची कुठून. माझं म्हणणं, प्रेरणेच्या मागे लागूच नका, त्यापेक्षा कोणीतरी तुमच्या लिखाणाची वाट बघत बसेल अशी सोय करा. माझं लिखाण त्याच्यावरच चालतंय.

मी बेळगावात उद्यमबागला मशीन शॉपमध्ये कामाला आहे आणि कथा लिहितो. आमची शिफ्ट आठवड्याला बदलते, त्यामुळं "पहाटे पाचला उठून लिहा" हा सल्ला आमच्या कामाचा नाही, कधी कधी पहाटे पाचला मी मशीनवर उभा असतो. म्हणून लिखाण घड्याळाला न बांधता रोज हमखास होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधायचं. कामावरून आलो, आंघोळ झाली, चहा झाला की लगेच वही, मग ती सकाळ असो की रात्र. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ९६ लोकांवरचा एक अभ्यास २०१० साली छापून आलाय, त्यातही लोकांनी नवी सवय अशीच रोजच्या गोष्टीला जोडली होती, म्हणजे दुपारच्या जेवणासोबत फळ खायचं, रात्रीच्या जेवणाआधी पळून यायचं, असं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८च पुरले तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला, त्यामुळं २१ दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडं फिरतंय ते डोक्यातून काढून टाका. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नव्हती, हे तर लिहिणाऱ्यांनी लक्षातच ठेवावं, कारण बरेच जण एक दिवस चुकला की वही कायमची बंद करतात.

आता वाट बघणाऱ्याचं सांगतो. आमच्याकडं कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, भाषणं होतात, मग कथाकथन, कविसंमेलन. समोर शेतातली माणसं, बायका, शाळेची पोरं बसलेली असतात, आणि सरकारी कागदापासून बसच्या पाटीपर्यंत सगळं कन्नडमध्ये असताना ही माणसं आख्खा दिवस मराठी ऐकायला मांडवात बसतात हे बघून मला दरवेळी भरून येतं. अशा माणसांपुढं आपण एक कथा वाचावी असं एकदा मनात धरलं की मग मूड आहे का नाही हा प्रश्नच राहत नाही, तारीख समोर दिसायला लागते. तसंच दिवाळी अंकांचं, ते साहित्य पावसाळ्यातच मागवून घेतात, म्हणजे गणपतीनंतर लिहू म्हटलं की बहुतेक ठिकाणी उशीर झालेला असतो.

पण ह्या झाल्या वर्षाच्या तारखा, आठवड्याची तारीख पण पाहिजे. आम्ही काही मित्र रविवारी शहापुरात एकाच्या घरी बसतो आणि ज्यानं जे लिहिलंय ते वाचून दाखवतो, पान असो की अर्धं पान. त्यातला एकजण मधेच रस्त्यात भेटला तरी विचारतो, "काय रे, पुढचं लिहिलास काय न्हाई?" ह्या एका प्रश्नानं मी जेवढं लिहिलंय तेवढं कुठलंही प्रेरणादायी भाषण ऐकून लिहिलेलं नाही.

बसल्यावर काय करायचं म्हणाल तर पहिल्या खर्ड्यात शुद्धलेखन, शैली काही बघू नका, घरात बोलता तसं लिहा, कन्नड शब्द आला तर येऊ दे. पुस्तकी मराठी करायला बसलं की दर वाक्याला खोडाखोड होते आणि तिथंच कंटाळा येतो. आणि सगळं संपवून उठू नका, पुढं काय होणार हे माहीत असतानाच थांबा आणि खाली एक ओळ टिपून ठेवा, उद्या कोऱ्या पानापासून सुरुवात होत नाही.

नोकरी आणि घर सांभाळून वेळ मिळत नाही असंही तुम्ही लिहिलंय. इंदिरा संत इथंच बेळगावात शिकवायची नोकरी करत होत्या, १९४६ला नवरा गेला, पदरात मुलं, आणि कविता चालूच राहिली. तुम्हाला कमी लेखायला सांगत नाही, थोडा थोडा वेळ जोडूनही केवढं मोठं काम उभं राहतं हे मला त्यांच्याकडं बघून पटतं म्हणून सांगतो.

लिहिलेलं लगेच फेसबुकवर टाकू नका, लाईक कमी आले की उत्साह तिथंच जातो. आधी एकच माणूस गाठा जो चुका काढायच्या आधी "पुढं काय झालं" विचारेल. बेळगावचे असाल तर सार्वजनिक वाचनालयात जाऊन बघा, १८४८ पासूनची संस्था आहे, वाचणारी माणसं तिथं भेटतात. दुसरीकडचे असाल तर तुमच्या गावच्या ग्रंथालयात चौकशी करा, आणि तिथंपण कोणी नाही मिळालं तर खाली कळवा, आमच्या रविवारच्या बैठकीत फोनवरून तुमचं पान ऐकायला आमची काही हरकत नाही.