३९ लाखांची मिळकत, बाणेरचा फ्लॅट आणि दिरांचा टोमणा

वारज्याहून एका वाचक भगिनींचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, त्यातलं कामाचं एवढं: नवरा-बायको दोघंही आयटीत, वय ३८ आणि ३६. नवऱ्याचा पगार वर्षाला २४ लाख, बाईंचा १५. कर आणि पीएफ कापून दोघांचे मिळून महिन्याला २ लाख ७३ हजार हातात येतात. मुलगी दुसरीत. वारज्यातला टू बीएचके २०१६ साली ५२ लाखांना घेतला. आज त्याचे ८० येतील, कर्ज १८ लाख बाकी. आता बाणेरला बांधकाम चालू असलेल्या स्कीममध्ये १ कोटी ७५ लाखांचा थ्री बीएचके बघून ठेवलाय. गौरीजेवणाला साताऱ्याला गेल्या तेव्हा दिरांनी सगळ्यांदेखत म्हटलं, "तुम्ही काय बाबा, श्रीमंत माणसं!" ते लागलं. परतताना खंबाटकी घाटात नवरा म्हणाला, "श्रीमंत कसले? महिनाअखेरीला काही उरत नाही. पुण्यात आपण मध्यमवर्गीयच." म्हणून प्रश्न दोन. आम्ही मध्यमवर्गीय की नाही? आणि फ्लॅट घ्यावा का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते: हा फ्लॅट घेऊ नका. पहिल्याचं उत्तर एका शब्दात येत नाही, पण ते टाळून दुसऱ्याचं कारण सांगता यायचं नाही.

मध्यमवर्गाची मोजपट्टी शोधायला गेलं तर एक हाती लागत नाही, चार लागतात आणि चारही आपापसात भांडतात. वर्षाला ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेलं कुटुंब, बाकीच्या अटी जुळल्या तर, आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणात बसतं. म्हाडाच्या सोडतीत ९ ते १२ लाख म्हणजे मध्यम उत्पन्न गट आणि त्यावर उच्च. ज्या १२ लाखांना म्हाडा 'उच्च'च्या दारात नेऊन उभं करते, तेवढ्याच उत्पन्नावर २०२५च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत कर शून्य केला, आणि तो कौतुकाने 'मध्यमवर्गाला दिलासा' म्हणून. 'प्राइस' नावाच्या संशोधन संस्थेने २०२०-२१च्या किमती धरून ५ ते ३० लाख उत्पन्नाच्या कुटुंबांना मध्यमवर्ग म्हटलं होतं. देशातली साधारण ३१ टक्के माणसं त्यात येतात. त्या ३० लाखांना वर्षाला ५ टक्के महागाई लावा, आज ३८च्या आसपास जातात. तुमचे ३९. म्हणजे सगळ्यांत सैल पट्टी लावली तरी तुम्ही उंबरठा ओलांडून एक पाऊल पलीकडे. आणि देशातल्या नियमित पगारदाराची सरासरी कमाई महिन्याला वीस-बावीस हजारांच्या घरात आहे, हे लक्षात घेतलं तर दीर काही फार चुकीचं बोलले नाहीत.

"पण पुणं महाग आहे हो," असं तुम्ही म्हणाल. पत्रात तीनदा म्हटलंय. म्हणून तुम्ही पाठवलेल्या खर्चाच्या यादीवर पेन्सिल घेऊन बसले. घराचा हप्ता २८ हजार, गाडीचा १९. शाळा आणि बस महिन्याला साडेअठरा हजार पडते. सासू-सासऱ्यांना १५ हजार. पोळ्यावाल्या मावशी, धुणं-भांडी, गाडी पुसणारा मिळून ११. किराणा, दूध, भाजी २४. वीज, गॅस, मोबाइल, सोसायटी ११. पेट्रोल १४, विमे ७. कथक, पोहणं आणि अबॅकस ८ (तीनही दुसरीतल्या एकाच मुलीला, असो). बाहेर खाणं, घरपोच मागवणं, कपडे ३२ हजार. वर्षातल्या दोन सहलींचे महिन्याला २० पडतात. एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) ३०. सगळं मिळून २ लाख साडेसदतीस हजार. उरलेले साडेपस्तीस हजार कुठे जातात त्याचा हिशेब पत्रात नाही. तुमच्याकडेही नसावा.

यातलं पुण्याचं किती आणि तुमचं किती? दूध चितळ्यांचं घेतलं म्हणून कुणी कफल्लक झालेलं माझ्या पाहण्यात नाही. हप्ता, किराणा, वीज, पेट्रोल हे शहराचे म्हणू. बाकीचं बरंचसं शहराने मागितलेलं नाही, शेजारच्या टॉवरने मागितलंय. तो खर्च वाईट असं मी म्हणत नाही, कमावता, खर्च करा. फक्त त्याला महागाई म्हणू नका.

आता यजमानांचं ते वाक्य, काही उरत नाही. एसआयपीचे ३० हजार. दोघांच्या पगारातून कापला जाणारा पीएफ साडेएकोणीस हजार, आणि जवळपास तेवढीच भर कंपन्या घालतात. घराच्या २८ हजारांच्या हप्त्यात व्याज साधारण १२, बाकीचे १६ हजार मुद्दल, म्हणजे तुमच्याच भिंतीत जातात. बेरीज पंच्याऐंशी हजार. महिन्याला पंच्याऐंशी हजार साठतायत आणि तुम्ही म्हणताय उरत नाही! ज्याचं खरंच काही उरत नाही त्याच्या घरी पंचवीस तारखेनंतर दुकानदाराच्या वहीत नाव लागतं. ते एकदा पोळ्यावाल्या मावशींना विचारून बघा.

इथवर मी दिरांच्या बाजूने बोलले. आता यजमानांच्या बाजूने.

वारज्याच्या घरातला तुमचा वाटा ६२ लाख, पीएफ २२, म्युच्युअल फंड १४, बँकेत ठेव ६. गाडीचं कर्ज ४ लाख वजा केलं की एक कोटी. ऐकायला भरभक्कम, पण त्यातलं घर विकता येत नाही आणि पीएफ मोडू नये. हात घालून काढता येतील असे वीस लाख. वर्गाची खरी परीक्षा मी पगाराच्या चिठ्ठीवर घेत नाही. एक पगार थांबला तर घर किती महिने चालेल, हे विचारते. समजा यजमानांची नोकरी गेली. एसआयपी थांबवली तरी खर्च २ लाख साडेसात हजार, तुमचा पगार १ लाख ९ हजार, तूट महिन्याला साडेअठ्ठ्याण्णव हजार. वीस लाखांत वीस महिने निघतात. पुण्यात आयटीतल्या माणसाला चाळिशीच्या आसपास नवीन नोकरी शोधायला वीस महिने पुष्कळ झाले. म्हणून तुमच्याबद्दल मी असं म्हणेन: मिळकत श्रीमंताची, गंगाजळी मध्यमवर्गाची. दीर मिळकत बघतात, यजमानांना गंगाजळी जाणवते. भांडण होणारच.

हा फ्लॅट घेतला तर नेमकं काय होतं? पाटीवर १ कोटी ७५ लाख. मुद्रांक शुल्क पुण्यात स्थानिक आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे सव्वाबारा लाख. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटी, पावणेनऊ लाख. आत स्वयंपाकघर, कपाटं, दिवे, पडदे १५ लाखांखाली होत नाहीत. तुम्ही १० लिहिलेत, पण मी बऱ्याच घरांचे हिशेब पाहिलेत. पाऊल ठेवेपर्यंत २ कोटी ११ लाख. वारजे विकून कर्ज आणि दलाली वजा जाता ६१ येतील, ठेव मोडून ६, फंडातले ४. उरलं कर्ज १ कोटी ४० लाख. २० वर्षं, ८ टक्के धरले तर हप्ता १ लाख १७ हजार.

म्हणजे तुमचा अख्खा पगार त्या हप्त्यालाही पुरत नाही.

नव्या सोसायटीचा मेंटेनन्स निदान ७ हजारांनी जास्त. (बाणेर-बालेवाडीत बघायला जाल तेव्हा क्लब हाउसच्या आधी उन्हाळ्यातलं टँकरचं बिल विचारा. बांधकाम चालू असेल तर शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, ते हौसेने सांगतात.) खर्च एकूण ९६ हजारांनी वाढतो. हिशेब न लागणारे साडेपस्तीस आणि एसआयपीचे तीस घातले तरी तीस हजार कमी पडतात. ते सहली आणि बाहेरच्या खाण्यातून निघतीलही, चार महिने. पण वीस महिन्यांचा आकडा बघा. हातातली रक्कम वीसवरून दहा लाखांवर येते आणि यजमानांचा पगार थांबला तर महिन्याची तूट १ लाख साडेचौऱ्याण्णव हजार. वीस महिन्यांचे पाच होतात. २०२५च्या जुलैत देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, त्यात मधल्या आणि वरच्या फळीतली जास्त. हिंजवडीत दोघांची नोकरी असलेल्या घराला हे मी सांगायला नको. दोन पगार, पण टोपली एकच.

पत्रात विक्री प्रतिनिधीचे तीन मुद्दे आहेत. मेट्रोमुळे भाव वाढणार, हा पहिला. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मार्गाच्या नावावरचा भाव बिल्डरने चौरस फुटात आधीच लावून ठेवलाय, तुम्ही तो विकत घेताय, कमवत नाही आहात. दुसरा, कर वाचेल. तुम्ही दोघं नव्या करप्रणालीत आहात, तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही. जुनी घेतली तर २ लाखांपर्यंत मिळते, पण यजमानांचा एकूण कर उलट सव्वा लाखाहून जास्त वाढतो. तिसरा मुद्दा, वारजे आत्ता विकून ताबा मिळेपर्यंत बाणेरलाच भाड्याने राहा. यात शेवटचं वर्षभर भाडं आणि चढता हप्ता दोन्ही डोक्यावर. शिवाय वारज्याच्या विक्रीवरचा साधारण २८ लाखांचा नफा करमुक्त ठेवायचा तर बांधकामातलं घर विक्रीपासून ३ वर्षांत पूर्ण व्हायला हवं. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची नोंदलेली पूर्णत्वाची तारीख बघा. प्रतिनिधीने तोंडी सांगितलेली वेगळी असते.

माझं बालपण नारायण पेठेत दोन खोल्यांत गेलं. वडील टेलिफोन खात्यात. आकुर्डीला स्कूटर बनायची आणि पुण्याच्याच माणसाला तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. गॅसचं तेच, फोनचं तेच, आणि फोन खात्यातल्या माणसालाही तेच. त्या काळी मध्यमवर्ग ओळखणं सोपं होतं, जो रांगेत आहे तो. पैसे असूनही वस्तू मिळत नव्हती, त्यामुळे ऐपत आणि राहणी यांत कायम अंतर राहायचं आणि त्या अंतरात शिल्लक साठायची. ते दिवस चांगले होते असं मी मुळीच म्हणणार नाही, सकाळी नळावर भांडण व्हायचं. पण आता रांग गेली, कर्ज आलं. पसंत पडलेलं घर त्याच आठवड्यात बुक होतं, आणि अंतर उरत नाही. तुमच्या यजमानांना जी टंचाई जाणवते ती इथली आहे.

मोठं घर नकोच का? हवं. सासू-सासरे पुढेमागे पुण्यात येणार, तिसरी खोली लागणारच. मग वारजे, कर्वेनगर, शिवणे या पट्ट्यात तयार, भोगवटा प्रमाणपत्र (राहायला योग्य असल्याचा अधिकृत दाखला) मिळालेला जुना थ्री बीएचके बघा, १ कोटी २० लाखांच्या आत. जीएसटी नाही. मुद्रांक, नोंदणी, रंगरंगोटी धरून १ कोटी ३५. वारज्याचे ६१, ठेवीतले फक्त ४, कर्ज ७० लाख, हप्ता साडेअठ्ठावन्न हजार. आजच्यापेक्षा साडेतीस हजारांनी जास्त, जे त्या बेपत्ता साडेपस्तीस हजारांत बसतात. एसआयपीला हात लागत नाही, फंडातले १४ लाख तसेच राहतात. आणि हे घर एकट्या तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, १ लाख २० हजार वाचतील. नवऱ्याचं नाव जोडलं की ही सूट जाते. त्यावर घरात काय चर्चा होईल ती होवो.

त्याआधी सहा महिने एक काम. पगाराच्या दिवशी ३५ हजार वेगळ्या खात्यात टाका, नवा हप्ता सुरू झालाय असं समजून. सहा महिने ते जागेवर राहिले तर घर शोधायला लागा. तिसऱ्या महिन्यातच मोडावे लागले तर ७० लाखांचं कर्जसुद्धा तुमच्यासाठी जास्त आहे. आणि सासू-सासऱ्यांचा आरोग्यविमा कंपनीच्या गटविम्यावर सोडलाय, तो स्वतंत्र घ्या. नोकरी गेली की तोही जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही.

बाणेरला १ लाखाचं टोकन दिलंय आणि ते परत मागायची मुदत या महिन्याच्या ३० तारखेला संपते, असं तुम्हीच लिहिलंय. ते परत मागा. फोनवर नको, ई-मेल करा, पावतीचा फोटो जोडा. प्रतिनिधीचा फोन येईल, साहेब भेटायला बोलावतायत म्हणेल, पाच लाखांनी भाव उतरवतो म्हणेल. पाच उतरले तर हप्ता चार हजारांनी कमी होतो. वीस महिने आणि पाच महिने हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि मगच तो फोन उचला.