टेकडी, घाट, चिखल आणि मधला डांबरी रस्ता: सगळ्यासाठी एकच एमटीबी (माउंटन बाइक) घ्यायची तर कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की राहायला कोथरूडला आहात. सकाळी वेताळ टेकडी, शनिवार-रविवारी मुळशी-मावळातल्या कच्च्या वाटा, अधूनमधून सिंहगडाचा घाट, आणि तिथपर्यंत गाडीवर लादून न नेता सायकल चालवतच जायचं. उंची १७० सेंमी, वजन ७२ किलो, बजेट ८० हजारांच्या आसपास. हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन) की फुल सस्पेन्शन (मागे-पुढे दोन्हीकडे), आणि चाक २९ इंची की साडेसत्तावीसचं, हे दोन प्रश्न.

माझं उत्तर: हार्डटेल, २९ ची चाकं, १२० ते १३० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा) एअर फोर्क (पुढचं चाक धरणारा, हवेवर दबणारा दुहेरी दांडा), ॲल्युमिनियमची फ्रेम, मागे-पुढे थ्रू ॲक्सल (चाकातून आरपार जाऊन आवळला जाणारा जाड आस). फ्रेम आणि फोर्क यांवर पैसे घाला, गिअरच्या चकचकीत नावावर नको.

एमटीबीबद्दलचे बहुतेक व्हिडिओ कॅनडा किंवा वेल्समधल्या खास बांधलेल्या ट्रेलवरचे असतात. तिथे वळणांना बांध घातलेला असतो, उड्या मोजून-मापून रचलेल्या असतात आणि अनेक ठिकाणी वर जायला गाडीची सोय असते. आपल्याकडे सायकलसाठी बांधलेल्या वाटा क्वचितच सापडतात. आपण चालतो त्या पाऊलवाटा, पाणंदी, बैलगाडीच्या चाकोऱ्या. त्यावर काय असतं? कडक जमिनीवर पसरलेला सैल मुरूम, मध्येच काळ्या कातळाची गुडघाभर पायरी, बाभळीचे काटे, आणि पावसाळ्यात चाकाला धरून बसणारी काळी माती. चढ लांबलचक आणि सलग. वर पोचवायला कुणी नाही, पायच मारायचे. त्यामुळे आपल्याला पुढच्या चाकाची पकड, भरपूर हलका गिअर, चिखलाला जागा आणि भरवशाचे ब्रेक लागतात. मागचं सस्पेन्शन या यादीत बरंच खाली येतं.

फुल सस्पेन्शन वाईट असतं असं मी म्हणत नाही. कातळाच्या उतारावर मागचं चाक जमिनीला चिकटून राहतं, पाठीला आराम मिळतो, ब्रेक लावतानाही सायकल स्थिर राहते. पण तुमच्या रकमेत जी फुल सस्पेन्शन मिळते तिच्यात मागच्या शॉकचे (धक्के शोषणाऱ्या भागाचे) पैसे काढण्यासाठी पुढचा फोर्क, ब्रेक आणि चाकं हलक्या दर्जाची लावलेली असतात, आणि वजन पंधरा किलोच्या पुढे जातं. शिवाय मागच्या जोडांमध्ये बेअरिंग असतात. मुळशीच्या पावसात एक हंगाम काढला की त्यांत माती-पाणी शिरतं आणि सायकल कुरकुरायला लागते. मागच्या शॉकचं काम करणारी चांगली जागाही प्रत्येक गावात नसते. बजेट दुप्पट असतं आणि तुमचा कल उतारावर असता, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. तुम्ही मात्र घरापासून पायडल मारत निघणार आहात.

चाकाचा प्रश्न तुमच्या उंचीला सोपा आहे. २९ चं चाक दगडावरून आणि खड्ड्यावरून सहज पुढे जातं, आणि डांबरी रस्त्यावर वेगही टिकवतं. उंची साधारण १५८ सेंमीच्या आत असेल तर साडेसत्तावीसचा विचार जरूर करावा, कारण छोट्या फ्रेममध्ये मोठं चाक बसवताना बैठक बिघडते. अनेक कंपन्या लहान मापाला तेच चाक देतात. टायरच्या बाजूला छापलेला आकडा बघायची सवय लावा: २९ साठी ६२२, साडेसत्तावीससाठी ५८४. टायर-ट्यूब मागवताना त्याने गोंधळ होत नाही.

आता फोर्क, कारण खरा फरक इथे पडतो. स्वस्त एमटीबीत स्प्रिंगचा फोर्क असतो. ती स्प्रिंग ठरावीक वजनाच्या माणसाला धरून घातलेली असते, त्यामुळे हलक्या माणसाला तो दगडासारखा लागतो आणि जड माणूस पहिल्याच खड्ड्यात तळ गाठतो. एअर फोर्कमध्ये छोट्या शॉक पंपाने तुमच्या वजनापुरती हवा भरता येते. सायकलवर नुसतं उभं राहिल्यावर फोर्क एकूण ट्रॅव्हलच्या पाचवा ते चौथा भाग दबला पाहिजे, म्हणजे १२० मिमीच्या फोर्कला २४ ते ३० मिमी. वजनानेही एअर फोर्क हलका असतो, चढाला ते जाणवतं. दुकानात नाव विचारून घ्या. सनटूरचे एक्ससीटी आणि एक्ससीएम हे स्प्रिंगचे, एक्ससीआर दोन्ही प्रकारांत येतो, रॉकशॉक्सचे ज्युडी आणि रेकॉन बहुतेक हवेचे. मग पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात खाली दाबा आणि सोडा. फोर्क उसळून हात वर फेकत असेल तर त्यात रिबाउंडची (दबलेला फोर्क परत येण्याचा वेग आवरण्याची) सोय नाही किंवा ती नीट लावलेली नाही. मुरमावर असा फोर्क पुढचं चाक हवेत उडवत राहतो, आणि हवेतल्या चाकाला पकड कसली.

थ्रू ॲक्सलचा आग्रह का, तर जुन्या पद्धतीच्या क्विक रिलीजवर (खटक्याने सुटणाऱ्या बारीक आसावर) पुढे चांगला फोर्क किंवा चांगली चाकं मिळणं अवघड होत चाललंय. आजचं प्रचलित माप म्हणजे पुढे १५ बाय ११० आणि मागे १२ बाय १४८ (मिमीमध्ये, आसाची जाडी बाय हबची रुंदी), ज्याला बूस्ट म्हणतात. तसंच फ्रेमच्या पुढच्या नळीत टेपर्ड स्टिअरर (फोर्कची खाली रुंद होत जाणारी वरची नळी) बसायला हवा. ही दोन मापं बरोबर असतील तर बाकी सगळं सवडीने बदलता येतं. फ्रेमच चुकली तर काहीच बदलता येत नाही. म्हणून रकमेत बसवण्यासाठी काही सोडायचं झालं, तर आधी ड्रॉपर सीटपोस्ट (बटणाने सीट वर-खाली करणारी नळी) सोडा, मग बाराऐवजी दहा स्पीडवर या, अगदीच झालं तर स्प्रिंगचा फोर्कही चालवून घ्या. फ्रेमवर मात्र तडजोड नको.

फ्रेमची बैठकही बघा. पुढच्या नळीचा कोन ६५.५ ते ६७ अंशांच्या दरम्यान असला की उतारावर सायकल पुढे कोलमडल्यासारखी वाटत नाही. जुन्या धाटणीच्या, ६९-७० अंशांच्या सायकली डांबरावर चपळ वाटतात, पण खाली उतरताना घाबरवतात. सीटच्या नळीचा कोन ७४ अंशांहून जास्त असेल तर खड्या चढावर पुढचं चाक उचललं जात नाही. तुमच्या उंचीला ४३० ते ४५० मिमी रीच (पायडलच्या आसापासून पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर) ठीक राहील. दुकानदार ‘मीडियम घ्या’ म्हणाला तरी तक्ता मागून हा आकडा तपासा, कारण एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीचा लार्ज असू शकतो.

गिअरबद्दल दुकानात हमखास ऐकाल की पुढे पायडलपाशी तीन दातेरी चकत्या असलेल्या, २४ किंवा २७ गिअरच्या सायकलला जास्त ताकद असते. गणित करून बघा. जुन्या तीन चकत्यांत सगळ्यात हलकं जोडकाम २२ बाय ३४ (पुढचे दात बाय मागचे), म्हणजे ०.६५. आजच्या एका चकतीच्या बारा स्पीडमध्ये ३२ बाय ५१, म्हणजे ०.६३. चढाला काहीच कमी पडत नाही, उलट पुढचा डीरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) जातो, चिखल अडकायची एक जागा जाते आणि डाव्या हाताशी ड्रॉपरचं बटण लावायला जागा होते. किंमत मोजावी लागते ती वेगाची: ३२ बाय १० वर मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी चाळीसच्या आसपास थांबाल. महामार्गाच्या उतारावर पाय रिकामे फिरतील, बाकी काही नाही. मागचा हब मात्र फ्रीहब आणि कॅसेटचाच (मागच्या दातेरी चकत्यांचा संच हबवर सरकवून बसवलेला) हवा. आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असेल तर उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं आणि दगडांवर आपटून ॲक्सल वाकतो.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्क. केबलवाली डिस्क सिंहगडाच्या उतारावर बोटं दुखवते, आणि दुखऱ्या बोटांनी कुणी नीट वळत नाही. पुढच्या ब्रेकची चकती १८० मिमी असेल तर उत्तम. शिमानोच्या स्वस्त चकत्यांवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असतं, म्हणजे त्यांवर धातूमिश्रित पॅड चालत नाहीत. पावसाळ्यातला वाळूमिश्रित चिखल रेझिनचे पॅड भराभर खातो, तेव्हा पावसाआधी चकत्या बदलून धातूचे पॅड लावा.

टायर हा सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक पाडणारा भाग आहे आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. २.३ ते २.४ इंच रुंदीचा, बाजूची बटणं ठळक असलेला टायर पुढे लावा. मागे थोडा गुळगुळीत चालेल. फ्रेमच्या मागच्या नळ्या आणि टायर यांत दोन्हीकडे निदान सहा-सात मिमी जागा हवी, नाहीतर काळ्या मातीत चाक फिरायचं थांबेल. पेट्रोल पंपावर पन्नास-साठ पीएसआय भरून टेकडीवर जाणारे पुष्कळ दिसतात. एवढ्या हवेत टायर मुरमावर नुसता टणाटण उडतो. तुमच्या वजनाला ट्यूबसह २८ ते ३०, ट्यूबलेस केल्यावर २२ ते २५ पुरे. ट्यूबलेस कराच. बाभळीचा काटा रुतला तरी आतलं सीलंट छिद्र बुजवतं. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर वाळतं, दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हच्या आतला कोअर काढून बघा आणि भर घाला.

ओल्या कातळावर शेवाळ धरलं की कुठलाच टायर टिकत नाही, तिथे उतरून चालावं. मुसळधार पावसानंतर टेकडीवरच्या मातीच्या वाटांवर तर जाऊच नये. चाकाने पडलेल्या चरातून पाणी वाहतं आणि वाट खचते. त्या वाटा सकाळी फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांच्याही आहेत, तेव्हा घंटी लावा आणि माणूस दिसला की वेग पायी चालण्याइतका आणा.

वापरलेली सायकल घ्यायला माझी हरकत नाही, या रकमेत तिच्यात बरीच वरची फ्रेम मिळू शकते. पुढच्या नळीच्या वेल्डिंगला आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलच्या आसाच्या जागेच्या) खाली बारीक चीर आहे का, ते बोट फिरवून आणि मोबाइलचा उजेड टाकून बघा. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर नखाला लागणारा ओरखडा असेल तर सोडून द्या. मागचं चाक हातात धरून आडवं हलवा, खडखडता कामा नये.

मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही, कारण तेच नाव ठेवून कंपन्या वर्षागणिक आतले भाग बदलतात. तुम्हाला दुकानात ज्या दोन-तीन सायकली आवडतील त्यांचं नाव आणि साल इथे खाली लिहा. फोर्क, ॲक्सल आणि रीच बघून त्यातली कुठली घ्यावी ते सांगतो. आणि ८० हजारांतले पाच-सहा हजार हेल्मेट, हातमोजे, शॉक पंप आणि सीलंटसाठी आधीच बाजूला काढून ठेवा.