दुकानदारानेच स्पीड अनलॉक करून दिला आणि आता म्हणतो बॅटरीची वॉरंटी गेली

धायरीहून एका ताईंनी लिहिलंय. त्या घरी डबे करतात आणि नऱ्हे, वडगावच्या हॉस्टेलमधल्या मुलांना स्वतः पोचवतात. त्यासाठी चौदा महिन्यांपूर्वी ४०,००० रुपयांना इलेक्ट्रिक सायकल घेतली. चढावर ओढत नाही अशी तक्रार केल्यावर दुकानदाराने कंट्रोलरची (मोटारीचा वेग ताब्यात ठेवणाऱ्या डब्याची) एक वायर कापून 'स्पीड अनलॉक' करून दिला. आता बॅटरी चार्ज होत नाही. वॉरंटी कार्डावर बॅटरीला दोन वर्षं लिहिलंय, पण दुकानदार म्हणतो की वायर कापलीये, वॉरंटी गेली, नवीन बॅटरीचे १४,५०० द्या नाहीतर कंपनीशी बोला, आणि तसंही तुम्ही धंद्याला वापरता म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. पक्कं बिल दिलेलं नाही, आणि मागच्या महिन्यात ट्रॅफिक हवालदाराने अडवून आरसी मागितली ते वेगळंच.

ताई, कायद्याचं नंतर बघू, आधी बॅटरीचं बघा, कारण ती नऊ दिवसांपासून दुकानात पडून आहे आणि तुमच्या हातात साधं जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीला दिल्याची पावतीसुद्धा नाही. आजच दुकानदाराला व्हॉट्सॲप करा की अमुक सीरियल नंबरची बॅटरी अमुक तारखेला तुमच्याकडे दिली आहे, ती उघडू नका, बदलू नका, आणि नेमका काय दोष निघाला ते लेखी कळवा. सीरियल नंबर वॉरंटी कार्डावर असेलच, बॅटरीच्या केसिंगवरच्या स्टिकरशी जुळतोय ना ते परत आणताना बघून घ्या. आणि परत आल्यावर ओळखीच्या कुणाकडून खोलून घेऊ नका, लिथियमचा पॅक आहे, धोका आहेच, शिवाय सील तुटलं की दुकानदाराच्या हातात आयतं कोलीत.

आता तुम्ही मला दाखवलेला दुकानदाराचा तो जुना मेसेज, 'मॅडम स्पीड अनलॉक केलाय, आता ४० जाईल'. तुमच्या केसमधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट तारीख आणि नंबर दिसेल असे काढून ठेवा. वायर कोणी कापली हा वादच या एका ओळीने संपतो. स्वतः बदल करायचा, त्यावर गिऱ्हाईक खूश ठेवायचं आणि पुढे त्याच बदलाकडे बोट दाखवून हात वर करायचे, हे मला अजिबात मान्य नाही आणि ग्राहक आयोगासमोरही हे टिकणं अवघड आहे. पण एक बाजू सांगून ठेवते, स्पीड वाढला की बॅटरीतून करंट जास्त ओढला जातो, त्यामुळे बॅटरी त्यानेच गेली असं तो म्हणेल, आणि तुम्हीही संमती दिलीत असंही म्हणेल. म्हणू दे, पण मग ते त्याने दाखवायला हवं, नुसतं तोंडी 'वॉरंटी गेली' चालणार नाही. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून तर बॅटरी जशीच्या तशी राहायला हवी.

'कंपनीशी बोला' हे ऐकून तुम्ही गप्प बसलात, तसे बरेच जण बसतात. पैसे तुम्ही कंपनीला दिले नाहीत, दुकानदाराला दिलेत. आणि घेताना तुम्ही त्याला सांगितलं होतं की डबे लादून धायरीचा चढ चढायचाय, त्यानेच 'हे मॉडेल घ्या' म्हटलं. विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून, काम सांगून वस्तू घेतली तर ती त्या कामाला पुरेशी योग्य असायला हवी, हे माल विक्री कायदा १९३० च्या कलम १६ मध्येच आहे. सदोष माल आणि सेवेतली त्रुटी या दोन्हीसाठी दुकानदाराला पहिला सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार तो) करा, कंपनीला दुसरा. कंपनी परराज्यातली असली तरी तक्रार पुण्यातच करता येते, कारण २०१९ च्या ग्राहक कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जायची सोय आहे. तुम्ही प्रॉडक्ट लायबिलिटीबद्दल विचारलंय, तर ते प्रकरण बॅटरीने आग लागून कोणाला इजा झाली, घरातलं सामान जळलं अशा नुकसानीसाठी आहे, खुद्द बॅटरी बंद पडली त्यासाठी नाही, ते आपण यात घालणार नाही.

धंद्याला वापरता म्हणून ग्राहक नाही, हे साफ चूक. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू 'व्यापारी उद्देश' धरत नाहीत, त्याच ग्राहक कायद्याच्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात तसं आहे. तुम्ही स्वतः डबे करता, स्वतः पोचवता, अजून काय पाहिजे. उद्या तुमच्याकडे दहा सायकली आणि दहा पोरं असती तर गोष्ट वेगळी.

बिलाचं वाईट वाटलं. ई-सायकलवर जीएसटी ५ टक्के आहे, म्हणजे ४०,००० वर २,००० रुपये, तेवढ्यासाठी त्याने तुम्हाला एस्टिमेटच्या चिठ्ठीवर बोळवलं. बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, तक्रारीत तो मुद्दाही घाला. बिल नाही म्हणून केस नाही असं मात्र नाही, यूपीआयची नोंद, चिठ्ठी, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड आणि चॅट मिळून खरेदी सिद्ध होते.

आता हवालदाराचं, आणि इथे मी तुमच्या बाजूने गोड बोलणार नाही. मोटार २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेलं मॉडेल असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ती मोटार वाहन धरत नाहीत, लायसन्स नको, नोंदणी नको. वायर कापून ती ४० ने जायला लागली की ही सूट गेली. मग नोंदणी पाहिजे, लायसन्स पाहिजे, इन्शुरन्स पाहिजे, आणि नोंदणी, इन्शुरन्स तर त्या सायकलचं होऊच शकत नाही. दंड परवडेल एकवेळ, पण नऱ्ह्याच्या गर्दीत कोणाला धक्का लागून हाड मोडलं तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल, आणि ती रक्कम १४,५०० च्या कितीतरी पुढची असते. दुकानदाराची जोखीम याहून मोठी आहे, नियमाबाहेरचं वाहन विकणाऱ्या किंवा तसा बदल करणाऱ्या डीलरला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये दर गाडीमागे १ लाख रुपये दंड किंवा १ वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. हे दुकानदाराला पाठवायच्या नोटिशीत एका वाक्यात लिहायचं, धमकी म्हणून नाही, त्याला ठाऊक असावं म्हणून. मॉडेलचं तपासणी प्रमाणपत्रही त्यातच मागा. ही तपासणी करणारी एआरएआय आपल्याच कोथरूडच्या टेकडीवर आहे, त्यामुळे पुण्यातल्या दुकानदाराने 'सर्टिफिकेट वगैरे मला काही माहीत नाही' म्हणू नये.

वायर जोडून घ्या, पण उद्याच्या उद्या नको. आधी कंट्रोलरचा कव्हर काढून कापलेल्या टोकांचे फोटो आणि सलग व्हिडिओ घ्या, दुसऱ्या एखाद्या मेकॅनिककडून लेटरहेडवर काय दिसलं ते सही-तारखेनिशी लिहून घ्या, मग जोडा. तोवर सायकल मोटारवर रस्त्यावर काढायची नाही. बॅटरी नसली तरी पॅडल मारून चालते, पण भाड्याची बॅटरी लावून अनलॉक सायकल फिरवायचं डोक्यात असेल तर कृपा करून ते काढून टाका.

पुढची पायरी नोटीस. साध्या मराठीत, दुकानदार आणि कंपनी दोघांना, स्पीड पोस्टने, पंधरा दिवसांची मुदत देऊन. बॅटरी बदलून द्या किंवा किंमत परत करा, स्पीड लॉक मूळ स्थितीत आणून द्या, पक्कं बिल द्या आणि झालेलं नुकसान भरा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, पुष्कळदा कंपनी तिथेच हलते. नाही हलली तर ई-जागृती पोर्टलवर जिल्हा आयोगात तक्रार, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य, वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, पण थांबू नका, दुकानं बंद होतात, नावं बदलतात. कागद लावायला मदत हवी असेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा, ही चळवळ १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यातच सुरू केली आणि असल्या प्रकरणांत त्यांचा हात बसलेला आहे.

सायकल बंद असल्यापासून डबे रिक्षाने पाठवताय असं लिहिलंत, त्याचे पैसे रोख देऊ नका, यूपीआयने द्या आणि रोज कुठे किती डबे गेले ते वहीत तारखेसकट लिहीत जा. भरपाईचा आकडा आयोगाला त्या वहीवरूनच दाखवायचाय.